पासंग

आमच्या घरात वजनकाटा नाही,
म्हणून चार घरांतून चार उसने आणले.
ओस्सी खाटकाचा. लेम्पी सुईणीचा.
शाळेच्या पहारेकऱ्याचा, त्यावर मांजराचे केस.
आणि ओनेर्वाबाईंचा, गुलाबी, सौनाच्या वासाचा.

दुकानातल्या खऱ्या संचाला दीड महिन्याचा पगार लागतो
आणि माझा पगार म्हणजे दुधाचा टँकर,
लापुआ ते कौहावा, रोज पहाटे, उणे वीसमध्ये.

आधी काट्यांनाच तोललं.
रस्त्यावर टाकायच्या मिठाची सीलबंद गोणी, वीस किलोची,
एकेकावर ठेवत गेलो.
लेम्पीचा: वीस. पहारेकऱ्याचा: वीस, जरा थरथरून.
ओस्सीचा साडेवीस;
दुकान बंद होऊन अकरा वर्षं झाली, हाताची सवय काट्यात राहिलेली.
ओनेर्वाबाईंचा अठरा.
कडेचं दातेरी चाक कुणीतरी हलकेच मागे फिरवलेलं.
मापात पाप, पण किती घरगुती!
टुईके खूप दिवसांनी हसली.
मग सगळे शून्यावर आणले.

जमिनीला बोटभर उतार निघाला,
पाण्याच्या नळीने सापडला, लिनोलियमच्या तुकड्यांनी भरला.
मग जाड फळ्या: एक टोक विटेवर, एक काट्यावर,
चाक विटेपासून पाव अंतरावर.
काट्यावर येतो चौथा हिस्सा, बाकीचं वीट सोसते.
आकडा वाचायचा, चारने गुणायचा.
म्हणजे खोटंही चौपट.
ओनेर्वाबाईंचे दोन इथे आठ झाले असते.

चालक बसल्याशिवाय हे माप फुकट.
मी म्हटलं, बटाट्याची पोती ठेवू सीटवर.
ती काही बोलली नाही.
हेल्मेट शोधून आणलं, पट्टा आवळला,
आणि काचेतून समोर बघत म्हणाली, "वाच."

पुढे डावीकडे अठ्ठावन्न, उजवीकडे एकोणपन्नास.
मागे त्रेचाळीस, चाळीस.
चौपट करून सातशे साठ,
आणि एक कर्ण दुसऱ्याहून चोवीस किलोंनी जड.
म्हणूनच गोठलेल्या तळ्यावर ही गाडी
डाव्या वळणावर शेपूट टाकते
आणि उजव्या वळणावर हट्टाने सरळ निघते.

डुगडुगत्या स्टुलाखाली कागदाची घडी सारावी
तशी दुधाच्या कॅनच्या झाकणातून कापलेली एक चकती
पुढच्या उजव्या स्प्रिंगखाली.
पासंग, एवढासाच.
गाडी दाबून दाबून हलवली, स्प्रिंगांना बसू दिलं.
साडेछप्पन्न, साडेपन्नास,
साडेचव्वेचाळीस, साडेअडतीस.
कर्ण सारखे, तीनशे ऐंशी, तीनशे ऐंशी.
डावी बाजू मात्र जड ती जडच.
तिथे टुईके बसते.
कुठल्याही चकतीने ते हलत नाही.
हलूही नये.

ती हेल्मेट शोधत होती तेवढ्यात
रिकाम्या गाडीचे आकडे मी वहीत घेतले होते.
गेल्या फेब्रुवारीत इस्पितळात तिला काट्यावर
पाठमोरी उभी करायचे, आकडा दिसू नये म्हणून.
मी तिच्या समोर उभी राहायचे, मला दिसायचा.
घरी आल्यावर आमचा काटा
मी टँकरच्या मागच्या चाकाखाली घातला,
पुढे, मागे, पुन्हा पुढे.

आता वही गुडघ्यावर, बोटं गारठलेली.
भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा.
हेल्मेट वजा. बूट वजा.
उत्तर आलं.
पुन्हा केलं, तेच आलं.
वही मिटली.

संध्याकाळी काटे परत करायचे होते.
टुईकेने गुलाबी काट्याचं दातेरी चाक
अंगठ्याने मागे फिरवलं, बरोब्बर दोन किलो.
"त्यांचं त्यांना," म्हणाली.
ओस्सीचा मात्र खराच राहू दिला.