पंधरा अंश

आमच्याकडे ध्रुव बुटका.
बेतूलच्या सड्यावरून पाहिला
तर मडगावच्या पिवळट उजेडात गुडघाभर बुडालेला,
काजूच्या शेंड्याला टेकून.
माउंट बनवणाऱ्याने अशा ध्रुवाचा विचारच केला नसावा.
त्याची पट्टी वीस अंशांशी अडते.
पुढे स्क्रू नुसता फिरतो,
वजनाची दांडी तिवईच्या पायावर आपटते,
टण्.

दक्षिणेकडच्या दोन पायांखाली मी चिरे सरकवले
कुणाच्या तरी अर्धवट कुंपणातले
(उजाडण्याआधी परत ठेवायचे आहेत).
दुर्बीण पुढे झुकली
विहिरीत डोकावणाऱ्या पोरासारखी.
होकायंत्राला इथे विचारू नये,
खडकातच लोखंड आहे
आणि सुई पावलागणिक मत बदलते.

पोथीतला ध्रुव अढळ. हा नाही.
हासुद्धा रोज एक लहानशी प्रदक्षिणा घालतो,
म्हणून त्याला मध्यावर धरायचं नसतं,
जरासं बाजूला.
हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

आज हवा आहे नरतुरंगातला तारागुच्छ.
साडेतीनच्या सुमारास तो समुद्रावर नीट वर येतो.
स्विंडनला गेलेल्या माझ्या भावाला तो कधीच दिसणार नाही.
त्याच्याकडे ध्रुव उंच आहे.

सराव म्हणून मृगावर दोन मिनिटं लावली.
पहिल्या फोटोत तारे तांदळाचे दाणे,
दुसऱ्यात शेवया.
गियर दर आठ मिनिटांनी कण्हतो,
थबकतो,
मग राहिलेलं भरून काढायला धावतो
मार्चअखेरीस आम्ही पतसंस्थेत धावतो तसा.

दीड वाजता इनासला फोन.
कुटबणच्या धक्क्यावर ट्रॉलरचे विंच दुरुस्त करणारा इनास
झोपलेला नसतोच.
आला तो स्कूटरचा दिवा थेट माझ्या डोळ्यांत.
"बंद कर!"
"मग दिसणार कसं?"
शेवटी माझ्या कोकम सरबताच्या बाटलीआड टॉर्च धरला
आणि त्या तांबड्या उजेडात त्याने झाकण उघडलं.

आत ग्रीसचं मेण झालेलं,
मेणात खाऱ्या वाऱ्याचा रवा.
बेळगावच्या डॉक्टरने विकताना हे सांगितलं नव्हतं,
पण बेळगावला असताना ते तसं नव्हतंही.
इनासने दाताला लागलेला गर काढावा तसं
एकेका खाचेतून ते काढलं,
रॉकेलने पुसलं, विंचचं ग्रीस भरलं,
आणि जिथे गियर सैल डुलत होता तिथे
बिअरच्या डब्याची नखाएवढी पट्टी कापून बसवली.
"तेल ना म्हूण रडटा तें," एवढंच म्हणाला.

साडेतीन.
काचेवर दव. ओढणीने वारा घालत राहिले.
समुद्रात ट्रॉलरांचे दिवे, त्यांच्या वर हातभर काळोख,
त्याच्या वर तो.
दोन मिनिटं आम्ही दोघंही हललो नाही.
पडद्यावर तारे उमटले.
गोल म्हणता येणार नाहीत. स्वल्पविराम म्हणता येतील.
इनास वाकून बघत राहिला.
"मिठाची पुडी सांडली काय?"
लाखो तारे आहेत, म्हटलं.
"मोजलेस?"
तेवढ्यात धक्क्यावरून फोन आला, तो निघून गेला.

पाचला ढग.
चिरे परत ठेवले. एक कुठला होता ते आठवेना,
तो तसाच कुंपणाशी टेकवला.

दहा वाजता काउंटरवर बसले
तेव्हा बोटांना विंचच्या ग्रीसचा वास होता.
रोखपाल सुहासिनीने नाक उडवलं, म्हणाली,
"सकाळी सकाळीच बांगडे?"