हरिपुरात कंदील

पाहुणे चौघे होते, गाड्या तीन.
गणपती पेठेतल्या गादीवर शेठनी पांढऱ्या खोळी चढवायला लावल्या
आणि मला, पत्रव्यवहार बघणाऱ्या कारकुनाला, बजावलं,
"देशाचं नाव कुणी विचारलं तर
समुद्रापलीकडचे व्यापारी, एवढंच सांगायचं."

त्यांचा राष्ट्राध्यक्ष एकोणतीस वर्षं एकच.
नोटेवर तो, शाळेच्या पुस्तकात तो,
कराराचा कागद उजेडाला धरला
तर कागदाच्या पोटातही तोच, अर्धा हसत.
पैसा मात्र खरा होता.
कुपवाडच्या शीतगृहात एकावन्न टक्के,
तीन हप्त्यांत.

कलम सोळा मी तीनदा टाइप केलं:
'दोन्ही पक्ष एकमेकांच्या अंतर्गत बाबींवर
कोणतंही मत व्यक्त करणार नाहीत.'
वकील म्हणाले, हे सगळ्याच करारांत असतं,
भाजीत मीठ असतं तसं.

दुपारी भडंग खाऊन, तिखटानं नाकं पुसत,
त्यांना पेवं बघायची हुक्की आली.
संगमाच्या अलीकडं, पुरातून वाचलेली थोडी.
हैबती ऐवळेनं माती खरवडली, फरशी सरकवली,
मंत्र्यासकट सगळ्यांना हातानं मागं सारलं
आणि दोरीला कंदील बांधून खाली सोडला.

"हवा बघतोय.
कंदील इझला तर मानूस उतरवायचा न्हाई.
बंद पेवातली हवा मुकी आस्ती.
वास न्हाई, आवाज न्हाई.
मानूस आडवा झाला की मगच कळतं."

मी ते इंग्रजीत केलं,
दुभाष्यानं त्यांच्या भाषेत.
मंत्री हसला.
बाकीचे दोघे मंत्र्याकडं बघून हसले.

दुभाषा नाही हसला.
पंचविशीचा असेल. कोट दुसऱ्याच्या मापाचा,
बाह्या मनगटाखाली चार बोटं.
काठाशी उकिडवा बसून तो
खाली जाणाऱ्या उजेडाकडं बघत राहिला,
मग माझ्याकडं न बघता म्हणाला,
"आत माणूस किती दिवस जगतो?"

मी हैबतीला विचारलं.
हैबतीनं कंदील सोडून त्याच्या तोंडाकडं पाहिलं.
"कोन हाय त्याचं आत?"

हे वाक्य मी इंग्रजीत केलं नाही.
कलम सोळा मला तोंडपाठ होतं.

त्याला मराठी येत नव्हतं, तरी
त्यानं दोन बोटं वर केली.
दोन भाऊ, की दोन वर्षं,
विचारेपर्यंत कंदील वर आला,
काचेवर हळदीची धूळ, ज्योत शाबूत.
मंत्र्यानं त्याला नावानं हाक मारली.
ते नाव मी इथं लिहीत नाही.

संध्याकाळी सह्या झाल्या.
शेठ म्हणाले, "आता बघा, ऑर्डरींचं पेव फुटतंय!"
दारात पैशासाठी थांबलेला हैबती पुटपुटला,
"पेव फुटताना मी बघितलंय, पुराच्या साली.
वरनं नुसतं पिवळं पानी दिसतं.
खाली काय कुजलं, त्ये म्हैन्यानं घमघमतं."
त्याला अडीचशे दिले, आणि राहिलेलं भडंग.

पहिला हप्ता वेळेवर आला.
माझा पगार तेराशेनं वाढला. मी घेतला.
रात्री कधी झोपेत दोरी हातातून सरकत जाते,
तळ लागत नाही,
बायको म्हणते पित्त असेल, आमसूल चोखा.

दुसऱ्या हप्त्याला पुन्हा तीन गाड्या.
मंत्री तोच, हसणं तेच.
दुभाषा नवा, बुटका, फार नम्र.
कोट तोच.
बाह्या आता बोटांच्या टोकापर्यंत,
नमस्काराला हात जोडले तर हात दिसेनात.

चहा देऊन मी आत आलो,
फाइल काढली,
कलम सोळा पुन्हा सावकाश वाचलं.
त्यात कोटाबद्दल काही नाही.