शून्य मिनिटं

नीबिया ओलाइसोलानं पहिल्या रात्री सांगितलं:
थर्मास दाराबाहेर ठेव, माते बाहेरच प्यायचा.
आत सगळं दोन-दोन आहे.
दोन वीजपुरवठे, दोन कंट्रोलर, केबलच्या दोन वाटा,
तळघरात दोन जनरेटर, त्यातला एक धापा टाकतो.
एकटी तेवढी तू. तेव्हा आजारी पडू नकोस.

मॉन्टेव्हिडिओवर पाम्पेरो वारा घोंगावत होता.
चौथ्या मजल्यावर बाळं जन्मत होती,
आणि त्यांची वजनं, रक्तगट, तळपायांचे ठसे
खाली आमच्याकडे उतरत होते
तुकडे होऊन, आठ डिस्कांवर विखरून.

तीन वीसला सातवी गेली.
हिरवा दिवा पिवळा झाला, बस्स.
वर कुणाचा पडदा थिजला नाही,
कुणा डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली नाही.
कोपऱ्यात वर्षभर रिकामी फिरणारी राखीव डिस्क
न बोलता कामाला लागली.

मला हायसं वाटलं. नीबियाला नाही.
"या सगळ्या एकाच खोक्यातल्या," ती म्हणाली,
"एका दिवशी घडलेल्या, एका उन्हाळ्यात तापलेल्या.
एक गेली की बाकीच्यांचेही दिवस भरत आलेले असतात.
आमच्या बंदरात सख्खे भाऊ एका होडीवर चढवत नाहीत.
मी लेखी दिलं होतं.
खरेदीखात्याला खोकं स्वस्त पडलं."

गेलेलीची जागा भरून निघायला अकरा तास.
तोवर आणखी एक गेली, तर ठसे गेले.
आम्ही ऐकत बसलो.
तिला आवाजावरून कळतं. मला नुसते पंखे ऐकू येत होते.
चौसष्ट टक्क्यांवर तिसरी अडखळली,
घास लागावा तशी,
आणि पुन्हा फिरू लागली.
नीबियानं माझं मनगट धरलेलं होतं
हे मला तिनं ते सोडल्यावर कळलं.

दुपारी दिवा हिरवा.
मेलेली डिस्क मी चालू यंत्रातून ओढून काढली,
दाराबाहेर नेईपर्यंत ती कोमट होती.

नोंदवहीत नीबियानं लिहिलं: सेवा खंडित, शून्य मिनिटं.
सही केली. मग वही माझ्याकडे सरकवली.
"मार्चमध्ये मी निवृत्त," ती म्हणाली,
"मी साल्तोची, तू इथली. मी त्रेसष्टची, तू सव्वीसची.
खोकी वेगळी आहेत. चालेल."

थर्मासमधलं पाणी केव्हाच निवलं होतं.
तरी आम्ही तेच ओतलं,
आधी तिला, मग मला,
एकाच नळीतून.