मांजरपाटाच्या पिशव्या

एकशे वीस पिशव्या. मांजरपाट, खळ काढून धुतलेला.
शिवण बाहेरच्या बाजूनं,
फोनवर तिनं दोनदा सांगितलं,
आतल्या धाग्यात पाखराचं नख अडकतं, काका.

चाळीस वर्षं मी शिवण लपवत आलो.
गोळीबार चौकातल्या या मशीनवर
उसवलेलं, ओढलेलं, जोडलेलं, सगळं आत गेलं
आणि आता हेडाऊंची सुलक्षणा म्हणते,
उलटं शिवा.

ती जहाजावर असते. जहाजाचं नाव टिटवी.
पुढं कुठंतरी बेटं आहेत, माणूस नसलेली.
ते तिथं तिघा-चौघांना उतरवतं,
पाण्याचे कॅन, तंबू, माझ्या पिशव्या,
आणि लांब पाण्यात थांबून राहतं तीन आठवडे,
लग्नघराबाहेरच्या ड्रायव्हरसारखं.

पाखरू पिशवीत घालायचं, काट्याला टांगायचं.
अंधारात ते गप्प होतं म्हणे.
वजन लिहायचं, पायात कडं घालायचं, सोडून द्यायचं.
कधीकाळी कुठल्याशा जहाजातून उतरलेल्या मांजरी
पिल्लं खातात तिथली.
मी म्हटलं, आणि पिशव्या मांजरपाटाच्या?
ती इतकी हसली की फोन कटला.
किंवा रेंज गेली असेल.

मे महिना. सेहेचाळीस.
मी समुद्र पाहिलेला नाही.
फुटाळ्याला एकदा बोटीत बसलो, वच्छलेला मळमळलं,
अर्ध्यातून परतलो. पैसे पूर्ण घेतले त्यानं.

मागच्या खेपेच्या चौदा पिशव्या दुरुस्तीला आल्यात.
एकीला चोचीनं पाडलेलं भोक.
एकीवर शाईनं, तिच्याच अक्षरात: चारशे दहा ग्रॅम,
खाली एक आकडा खोडलेला,
त्याच्यापुढं काहीच नाही.
एकीच्या कोपऱ्यात पांढरं साचलेलं.
कूलरच्या ताटीवर धरतो तसाच खार वाटला,
म्हणून बोट लावून जिभेवर ठेवलं.
कूलरचा कडसर असतो.
हा नुसता खारट होता, भाजीत जास्त पडल्यासारखा,
तरी मी पाणी प्यायलो नाही बराच वेळ.

रात्री शटर अर्धं ओढून
नव्या पिशवीत हात घातला मनगटापर्यंत,
बोटं पसरली, मिटली, सगळ्या कडांना नखं घासून पाहिली.
कुठं अडकलं नाही.
हात मात्र काही वेळ तसाच आत राहू दिला.

अजून एकसष्ट शिवायच्यात.
पांढरी रीळ संपत आलीय.
खोडलेला आकडा तिला विचारीन म्हणतो,
तिचा फोन लागला की.