बुधवारचा कान

अकरा वर्षं मी शांतता विकली.
बंगळूरला, चौदाव्या मजल्यावर,
कानात घालायच्या बोंडांना नावं शोधत.
मराठी जाहिरातीत 'जगाला म्यूट करा' की 'म्यूट कर',
दोन दिवस वाद घातला.
'कर' जिंकलं. तरुण वाटतं म्हणे.
त्या दिवाळीत सहा लाख खोकी गेली.

बाबा खाणीच्या वजनकाट्यावर कारकून.
फोनवर नुसतं "हां, हां" म्हणायचे,
मला वाटायचं, पटतंय त्यांना.
ते गेल्यावर आई म्हणाली,
अगो, सात वर्षं त्यांना फोनवर काही ऐकूच येत नव्हतं.

राजीनाम्यात मी 'वैयक्तिक कारण' लिहिलं.

आता डिचोलीत, बसस्टँडच्या मागे,
टायरचं दुकान होतं तिथं आमची खोली.
ट्रक थांबले, दुकान उठलं,
भिंतीवर काळी वर्तुळं तेवढी राहिली.
बुधवारी माणसं बाजाराच्या पिशव्या घेऊनच येतात,
सुकी सुंगटं, आंबाडे, एकदा जिवंत कोंबडी.
हेडफोन बिघडलेला, चाचणी स्पीकरवर,
पहिला बीप झाला तेव्हा तीच दचकली.

पुरसो गावडे. क्रशरवर सव्वीस वर्षं.
"आवाज आला की बोट वर करा."
बोट गुडघ्यावरच.
आलेखाची रेघ उतरत गेली
खाणीच्या पायऱ्यांसारखी, तळाच्या पाण्यापर्यंत.

यंत्र बसवलं. कॅमेरा आधीच लावलेला.
देणगीदारांना सातव्या सेकंदाला डोळे भरलेले लागतात,
हे मला कुणी शिकवायला नको.
पुरसोनं वर बघितलं, कपाळाला आठी:
"हो फॅन केन्नासावन असो रडटा?"
रडला तो पंखाच.
तो व्हिडिओ मी पाठवला नाही.
पाठवला. शेवट कापून.

पुढच्या बुधवारी त्यानं डबी टेबलावर ठेवली.
घरात नको हे.
का? बॅटरी? शिट्टी मारतं?
"सून बोलते ते आता ऐकू येतं."
एवढंच बोलला. उठला मात्र नाही.

एके काळी माझ्याकडे गिऱ्हाइकाच्या प्रत्येक हरकतीला उत्तर होतं,
छापील, क्रमांक घातलेलं:
महाग आहे, नंतर बघू, भावाला विचारतो.
ही त्यात नव्हती.
मी दोन चहा सांगितले.

तेव्हापासून त्याचा कान माझ्या खणात असतो.
डबीवर नाव, आत ओल शोषणारी पुडी.
अहवालात त्याला कुठला रकाना द्यायचा ते ठरत नाही,
'वापरात' म्हणावं तर आठवड्याला तीन तास.
बुधवारी येतो, स्वतःच बसवतो,
बाहेरच्या बाकावर पाय पसरून ऐकत राहतो:
चणेवाल्याची कढई, वाळपईच्या बसचा कंडक्टर,
कुणाचं तरी भांडण, जे त्याच्याबद्दल नाही.

आत चाचणी चालू असते.
दार नीट लागत नाही.
खुर्चीतली बाई माझ्याकडे बघते, काही नाही म्हणते,
आणि फटीतून मला दिसतं
पुरसोचं बोट, वर.