चिन्नोर

पहिली नोंद : एप्रिलची नऊ तारीख, रात्री अकरा चाळीस.
पीओपीच्या वर कुणीतरी चालत गेलं
कूलरच्या खिडकीपासून देवघराच्या कोपऱ्यापर्यंत,
भाडं वेळेवर भरणाऱ्या माणसासारखं,
घाई न करता.
परतीची नोंद : पहाटे चार दहा.
बत्तीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले,
रीडिंग लिहून ठेवायची सवय जात नाही.

उंदीर असता तर धावला असता.
चोर असता तर थांबला असता.
भूत म्हणावं, तर भुताला पपई कशाला लागते?
गच्चीत टाकीच्या बाजूला रोज सकाळी
काळ्या बियांचा एक छोटा ढीग,
पोत तुटल्यागत.

आणि वास.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
बारानंतर पंख्यातून खाली उतरायचा
चिन्नोरचा वास,
नुकतं झाकण काढलेल्या पातेल्याचा.
विमल भंडाऱ्याची. तिच्या माहेरून पोतं यायचं.
आमच्याकडे भात शिजून तीन वर्षं झाली.
आता डबा येतो, त्यात भात असतो,
त्याला वास नसतो.
दोन रात्री उठून मी स्वयंपाकघरातला दिवा लावला.
गॅस बंद होता. बंदच असणार.

"मसन्याऊद हाय तो," लांजेवार भिंतीवरून म्हणाला,
"मढे उकरते. घरात बरं नाई बे.
फिनाईल टाक. डांबरगोळ्या टाक.
नाही तर पेढ्यात घालून देऊ काही, मी आणतो."
मानेवाड्यात प्रत्येकाकडे एक उपाय असतो :
माकडांना फटाके, डुकरांसाठी महापालिकेला फोन,
कुत्र्यांसाठी लाल पाण्याच्या बाटल्या
फाटकाला ओळीनं टांगलेल्या
आणि त्यांच्याच सावलीत झोपलेली कुत्री.

फिनाईल टाकलं मी. खोटं कशाला बोलू.
दोन रात्री वर कुणी चाललं नाही,
आणि मला झोप लागली नाही.

शेवटी सेमिनरी हिल्सकडून पोरगा आला,
तेजपाल उइके, खांद्यावर जाळी, पायात चपला.
सीलिंगची चौकट सरकवून टॉर्च आत धरला.
"काका, या. हळू."
शिडीच्या पाचव्या पायरीवर मी,
मीटरच्या पेटीत बघायचो तसेच डोळे बारीक करून.
जुन्या वायरीच्या गुंडाळीत,
जी मीच कधीतरी वर फेकली होती,
तीन पिल्लं.
आणि दोन डोळे, विचारणारे : कोण?

हा प्रश्न माझ्या ओळखीचा.
फाटकाची कडी वाजली की आधी कुत्रं,
मग आतून बाई : कोण आहे?
"लाइटवाला! रीडिंग!"
पोटरीवर अजून चार दातांची खूण आहे,
गिट्टीखदान, अठ्ठ्याण्णव साल, पोटात चौदा सुया.
तोंडापर्यंत आलं होतं
शिडीवर, तिला सांगायला : लाइटवाला.

तेजपाल म्हणाला, "तिले पकडलं तर पिल्लं मरतीन.
दीड महिना थांबा.
सगळी बाहेर निघाली की मंग भोक बुजवजा.
मोजून घ्या पण."
लांजेवारला सांगितलं : काम सुरू आहे.

जूनची चार तारीख, अकरा चाळीस.
गच्चीत अंधारात बसून मोजले : चार.
शेवटचं पाइपावरून घसरलं, लोंबकळलं, सावरलं.
मग जाळी ठोकली. वरून सिमेंट.
हात थरथरला नाही.
कनेक्शन कापताना लाइनमनसोबत
खूपदा उभा राहिलोय मी.

चार दहाला ती आली.
जाळीला नाक लावलं. ओरबाडलं नाही.
ती पलीकडे, मी अलीकडे,
मध्ये अर्धा इंच ओलं सिमेंट.
मग पावलं पत्र्यावरून गेली,
शेजारच्या दिशेनं,
तशीच, घाई न करता.

आठवड्यानं लांजेवार भिंतीशी आला,
अर्धी दाढी केलेली, अर्धी साबणात.
"का बे, रात्री बारा वाजता
भात कोन शिजवते तुयाकडं?
चिन्नोर हाय वाट्टे."
माझ्याकडं नाही, म्हटलं.
नक्की किती वाजता येतो वास,
तेवढं लिहून ठेव.