पारावर, साडेनऊला

तलावाच्या पारावर येऊन बसले आहे,
सलंगाच्या दगडापाशी. रेंज इथंच मिळते.
मांडीवर भाच्याचा जुना लॅपटॉप,
पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत.
आज ठरवायचं :
मच्छीमार सोसायटीचा कॉम्प्युटर
यापुढं कोणत्या शाखेवर ठेवायचा.

तीन नावं पडद्यावर.
एक स्थिर. एक चाचणीतली.
एक रोज सकाळी नवी.

मागच्या पुसात मी रोजची नवी घेतली होती.
निहाल म्हणाला, "मावशे, काहून जुनं वापरून राहिली?"
दोन आठवडे सगळं मऊ चाललं.
मग एका पहाटे काट्याची वायर जोडली
तर कॉम्प्युटर म्हणे, काटा नाहीच.
काटा समोर. काट्यावर छन्नूची मरळ, शेपटी आपटते आहे.
बाहेर गोंदियाचा टेम्पो, ड्रायव्हरचा हात हॉर्नवर,
बर्फ पाणी होऊन पायरी उतरत होता.
मी मापं बिडीच्या पुड्यावर लिहिली :
मरळ चार किलो तीनशे,
दाडक दोन किलो आणि पुढं काहीतरी,
ते ओल्या बोटानं पुसलं गेलं.
छन्नू काही बोलला नाही.
रजिस्टरात ती एक ओळ अजून रिकामी आहे.

काल अध्यक्ष पुस्तकलाबाईंनी विचारलं,
"स्थिर म्हंजे काय वो? कधी बदलतच नाई?"
मी सांगायला लागले, अडखळले,
सुरक्षा, दुरुस्ती, आवृत्ती...
त्यांनी जाळ्याची गाठ दातात धरूनच पाराकडं मान केली :
"खेकडे भोकं पाडतेत, आमी बुजवतो.
पार हलवत नाई."
मी दोन वर्षं वाचत होते.
त्यांना एक बिडी पुरली.

तरी खोटं कशाला बोलू,
डोळा त्या तिसऱ्या नावावर जातोच.
नव्यात जोडाक्षरं नीट येतात.
जुन्यात 'श्र' फुटतो :
मेश्रामांच्या प्रत्येक पावतीवर
त्यांचं नाव मधूनच मोडलेलं असतं,
आणि ते पावती उजेडाला धरून बघतात,
घडी करून खिशात ठेवतात.
त्यांना काय सांगू?
पुढची स्थिर येईल तेव्हा, दीड वर्षानं?

आणि स्थिर तरी किती दिवसांची.
तिचीही तारीख खाली बारीक अक्षरात आहे,
त्यानंतर भोकं बुजवायला कोणी येणार नाही.

तुडुमातून पाणी सुटल्याचा आवाज येतो आहे.
कोणीतरी वरच्या बांधीला घेतलं असेल, रात्रीचं, न विचारता.

स्थिरवर बोट ठेवलं.
एकसष्ट टक्के. थांबलं. एकसष्टच.
लॅपटॉप डोक्याएवढा उंच धरला तर बासष्ट.

नवी शाखा या लॅपटॉपवर राहू दे,
रविवारी मोडून बघायला.
उद्या काट्याची वायर सहाला जोडायची,
टेम्पो यायच्या आधी.
आणि टेबलावर एक निळा पेन,
मेश्रामांच्या पावतीसाठी.